डेपोपुढची वरात

सोलापुरात स्टेशनामागच्या घासलेटच्या डेपोत मी कारकून होतो, तेव्हा फाटकावर एक पहारेकरी असे. रामराम करायच्या आधी तो हात पुढे करी. त्या हातावर विडी-काडेपेटी ठेवल्याशिवाय कोणी आत जात नसे. डबे भरताना सांडलेलं तेल उघड्या गटारातून रस्त्यापर्यंत वाहत येई. ते गटार झाकावं असं साहेबांना कधी वाटलं नाही, म्हणून हा रस्त्यानं जाणाऱ्यांनाही विड्या विझवायला लावी. मला ते जरा अतीच वाटे.

एकदा दिवस मावळल्यावर त्याच्याच लेकीची वरात टेंभे नाचवत आली. मीही वरातीत होतो. मांडवातून आधीच निघून तो वाळूच्या बादल्या घेऊन रस्त्यात आडवा उभा होता.

"टेंभे इजवा."

व्याही चिडले. "सवताच्या लेकीला अपशकुन करताय व्हय?"

"तेलाला काय ठावं, लेक कुनाची हाय ते," असं म्हणत त्यानं पहिला टेंभा वाळूत खुपसला.

वाजंत्री थांबली. अंधारात बैलाची वेसण धरून त्यानं नवरा-नवरीची गाडी पार वळणापलीकडे नेली. तिथं माझ्यापुढे हात केला. मी काडेपेटी दिली. त्यानं मागं वळून गटार किती लांब राहिलं ते पाहिलं, आणि मगच टेंभा पेटवायला काडी ओढली.