वायरलेसवरची हाक
मुलीनं कानांवर मोठे हेडफोन चढवले की मला माझ्या वडिलांचं एक बोलणं आठवतं. ते नौदलात वायरलेसवर होते. हदगावला परतल्यावर शिवारात कुणीही कुणालाही हाक मारली, तरी ओ तेच द्यायचे. एकदा कापूस वेचताना मी चिडलो, "दादा, तुमाला कोन बोलवून राहिलं?" ते बांधावर टेकले. म्हणाले, "लढाईत आपलंच एक जहाज मदत मागत होतं. त्यांच्या संदेशाची टकटक साफ ऐकू येत होती. पन उत्तर दिलं असतं तर आमी कुठं हाव ते दुश्मनाला कळलं असतं. गप ऐकायचा हुकूम होता. ऐकत राहिलो, टकटक थांबंपर्यंत." आता ते अंथरुणाला खिळलेत. आतल्या खोलीतून त्यांची सकाळपासूनची ही कितवी हाक कुणास ठाऊक. मुलीच्या कानांवर हेडफोन आहेत, तिला ऐकू येत नाही. मला येतं.