ब्राउलियोंचा ढावलो, महागावजवळच्या तांड्यावर

गिटार घेऊन यवतमाळ जिल्ह्यात कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. कारण साधं होतं. पराग्वेचे गिटारवादक आणि संगीतकार ब्राउलियो, माझे ऑनलाइन गुरू, गेल्या वर्षी वारले. त्यांचे वडील बैलगाडीतून मीठ वाहायचे. आपल्याकडचे बंजारेही बैलांवर मीठ वाहायचे हे कळल्यावर ब्राउलियो तरुणपणी थेट महागावजवळच्या एका तांड्यावर येऊन राहिले. तिथल्या ढावलोवरून, म्हणजे नवरीच्या निरोपाच्या गाण्यावरून, त्यांनी आपली सर्वात गाजलेली रचना बांधली. ती मधेच थांबते. लोकांना संपल्याचं कळत नाही म्हणून मी शेवटी पदरचा एक कॉर्ड, एकत्र छेडलेल्या सुरांचा झणकार, जोडायचे. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्मृतिकार्यक्रमात तीच वाजवायची होती. मी ती बरोबर वाजवते का, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं: त्यांना ढावलो ऐकवणाऱ्या सोनीबाई.

नागपूरहून पहाटेची एसटी पकडा, रस्ता झकास आहे. कंडक्टर गिटारकडे बघून म्हणाले, "सीटवर बसली त हाफ तिकीट लागीन!" मी ती मुकाट मांडीवर घेतली. दोन्हीकडे कापूस फुटलेला. महागावहून तांड्यापर्यंत ऑटो मिळतो, फक्त तो भरेपर्यंत धीर धरा.

सोनीबाईंना सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात. त्यांनी आधी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी वाढली. इतकी चवीची अंबाडी मी जन्मात खाल्ली नव्हती. मग मी आगाऊपणे म्हटलं, "याडी, ढावलो म्हणा ना."

"आज कोनाची पोरगी सासरी चालली? उगाच कायले म्हनू?" त्या म्हणाल्या. "त्यालेबी असंच सांगतलं होतं. माह्या पोरीच्या लग्नापर्यंत थांबला बिचारा, महिनाभर."

मी वाजवायला घेतलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं. सवयीनं माझा कॉर्ड वाजला आणि त्यांनी डोळे उघडले.

"हे त्याचं नाही."

"नाही. माझं आहे."

"दार कायले लावलं वं माय? पोरगी माहेरी यीन ना परत!"

मी त्यांच्या पाया पडले.

परवा कार्यक्रम झाला. मी कॉर्ड गाळला. टाळ्या उशिरा पडल्या, पण पडल्या. ब्राउलियोंनी मला हात दिला आणि याडींनी कान. दोघांचे उपकार फिटायचे नाहीत. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. ती संगीतातलं काही बोलली नाही. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, "संक्रांतीला येशील तेव्हा चार दिवस जास्त राहा गं."