मल्हारची परीक्षा, चपलांच्या मांडणीपाशी

बंगळुरातल्या आमच्या बनशंकरीच्या बालवाडीत जुनी म्हणजे घसरगुंडी, आणि तिच्याहून जुन्या अंबुबाई. मूळच्या निपाणीकडच्या. नवरा बोम्मसंद्राच्या कारखान्यात लागला म्हणून इथे आल्या, आणि बावीस वर्षं दारातल्या स्टुलावर बसून पोरांचे बूट काढतायत, घालतायत. कुठला बूट कुणाचा हे डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगतात. मला त्यांचा फार राग येतो, कारण बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं.

यंदाच्या मार्चचंच बघा. मार्च म्हणजे आमच्याकडे मूल्यमापन. चार वर्षांच्या पोरांचं! छत्तीस चौकटी आणि प्रत्येकीत तीनातला एक शेरा: 'येतं', 'येऊ लागलंय', 'अजून नाही'. मल्हारच्या सगळ्या चौकटींत 'अजून नाही'. लाल ठोकळा धरून मी विचारलं, "हा रंग कुठला?" गडी ढिम्म! इंग्रजीत विचारलं, मराठीत विचारलं, लाडात विचारलं, शेवटी दात-ओठ खात विचारलं. तो आपला माझ्याकडे दयेने बघतोय.

आमच्या मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, ह्याला अजून एक वर्ष इथेच ठेवू, शुक्रवारी आईला बोलवा. वर्गातली सगळी पोरं पुढे जाणार आणि हा एकटा मागे राहणार.

"मल्हारला नापास केलासा?" अंबुबाईंनी दारातूनच हाक दिली.

"नापास नाही हो, मूल्यमापन म्हणतात त्याला."

"तेच ते. स्वल्प इथं येऊन बसा बघू."

सुटायची वेळ होती. अंबुबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे मांडणीतून बूट काढायचं काम त्यांनी कधीच मल्हारकडे दिलं होतं. एकोणीस जोड्या! आधी पहिल्या व्हॅनच्या पोरांचे, मग दुसरीच्या. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. पुष्कर आणि भार्गवीचे बूट अगदी सारखे, तरी एकदाही घोटाळा नाही. मी स्टुलाशेजारी फतकल मारून मूल्यमापनाच्या कागदावर खुणा करत सुटले. जोड्या लावणं, मोजणं, क्रम लावणं, सगळं 'येतं'. आणि मग माझी जीभ वळवळली.

"मल्हार, हा बूट कुठल्या रंगाचा रे?"

तोंडाला पुन्हा कुलूप.

"अय्यो अक्का! परत विचारलासा?" अंबुबाईंनी कपाळाला हात लावला. मग एक बूट उचलून म्हणाल्या, "मल्हार, हा पिवळा बूट पुष्करला दे जा."

"पिवळा नाहीये, लाल आहे!" मल्हार ओरडला. मग त्यांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात. "टीचरला लाल येतच नाही. मी दिवाळीच्या आधी पण सांगितलं होतं. ती विसरते."

मी उठले आणि कपाटातून त्याचा सप्टेंबरचा कागद काढला. रंग ओळखणे: 'येतं'. अक्षर माझंच! दर सहामाहीला कोरा कागद घ्यायचा आणि जुना फायलीत टाकायचा, ही आमची पद्धत. जुना उघडून बघायचं कुणाच्या मनात आलं नाही, माझ्यासुद्धा. असली लाज वाटली म्हणून सांगू!

शुक्रवारी त्याची आई डोळे सुजवून आली. मी दोन्ही कागद मॅडमपुढे ठेवले आणि चूक माझी, हे स्पष्ट सांगून टाकलं. मॅडमनी कागद दोनदा वाचले, "सरी," म्हणजे 'बरं', म्हणाल्या आणि मल्हारचं नाव पुढच्या वर्गाच्या यादीत लिहिलं. आई तिथेच रडायला लागली, आणि अंबुबाई तिलाच ओरडल्या.

मी निघाले तर दारात मल्हार. माझ्या चपला त्याने पायांपुढे नीट लावून ठेवल्या होत्या. एकेका चपलेवर बोट ठेवून सावकाश म्हणाला, "ही डावी. ही उजवी." मग माझा हात थोपटला.

"येईल हं तुला."

रडणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगत आलेय, ह्याच सुरात.