येळवशीची गैरहजेरी

आमच्या दवाखान्यात हजेरीचं यंत्र का आलं, याची कारणं साहेबांनी पुष्कळ सांगितली. खरं कारण एकच: शेजारच्या गावातल्या दवाखान्यानं ते आधी घेतलं होतं. तपासणीला येणारे पाहुणे तिथं माना डोलवून गेले, मग आमच्यांना कसा दम निघणार! आम्हा नर्सबाईंना काय हवं, ते कुणी विचारलं नाही. बोटं मात्र सगळ्यांची नोंदवून घेतली. फक्त साहेबांना बोट लावायची गरज नव्हती.

माझ्या वॉर्डात एक धनगरांची नर्स होती, तिला सगळेच अक्का म्हणायचे. मी कायम झालेली, ती अजून रोजंदारीवर. त्या वर्षी ती कायम व्हायची होती, फक्त नोंदीत एकही खाडा नको होता. आमच्या दोघींची जुनी बोली होती. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, तिचं अख्खं घर रानात पूजेला, जेवायला जायचं, तेव्हा तिची पाळी मी करायची. सहा डिसेंबरसाठी आमच्या वस्तीतली माणसं मुंबईला निघाली की माझी पाळी ती करायची. मोठ्या सिस्टरच्या कानावर घातलं की झालं. वॉर्ड एक दिवस उघडा पडला नाही.

त्याही येळवशीला तसंच केलं. माझी पाळी संपवून मी तिच्या पाळीला उभी राहिले. दुसऱ्या दिवशी अक्का रिवाजाप्रमाणे येळवशीच्या भाज्या-दाण्यांच्या भज्जीचे दोन डबे घेऊन आली, एक मला, एक साहेबांना. साहेबांनी डबा घेतला आणि म्हणाले, "अक्का, काल तू गैरहजर दिसायलीस. कायम व्हायच्या लोकांतून नाव गेलं बघ."

अक्का बाकावर बसली. माझं डोकं फिरलं.

"कामून गैरहजर? तिच्या जागी मी होते की!"

"बोट तुझं हाय, तिचं न्हाई. मशीनला अदलाबदल कळत न्हाई."

"मशीनला न्हाई कळत. तुमाला तर कळतंय का न्हाई?"

साहेबांनी डबा पुढं ओढला. इतकी वर्षं माणसांनी एकमेकांना सांभाळून चालवलेला दवाखाना, आणि आता म्हणे शिस्त आली! मला आजही त्याची चीड येते.

अक्का उठेपर्यंत साहेबांनी डबा उघडला होता. बोटं चाटत म्हणाले, "भज्जी झकास झालीय, अक्का. काल आमच्या रानातल्या भज्जीला एवढी चव नव्हती."