ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि बाबांचा ट्रक

रविवारी दुपारी नेरे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि रडायचीच बाकी होते... कारण ऐकाल तर हसाल. माझा ट्रक पुन्हा अडकला होता.

ट्रक म्हणजे गेममधला. बाबा परभणीला आणि मी इथे, नोकरीपायी. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी सुटली आणि ते गप्पगप्प झाले. म्हणून मी त्यांना कॉम्प्युटर आणि स्टीअरिंग घेऊन दिलं.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही ट्रक काढतो. कानाला हेडफोन, पुढे बाबा, मागे मी... अनोळखी डोंगर, लांबच लांब रस्ते, कुठे पोचायची घाई नाही. फोनवर दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणणारा माणूस तिथे दोन-दोन तास बोलतो. कुठल्याशा घाटातल्या धुक्याबद्दल, आजोबांबद्दल, आईलाही कधी न सांगितलेलं. मी नुसती ऐकते, रस्ता सरकत राहतो... आठवड्यात तेवढा वेळ मी जमिनीवर नसतेच.

पण महिनाभरापासून पंधरा-वीस मिनिटं झाली की माझा गेम धक्के खायला लागायचा. बाबा पुढे जाऊन कडेला थांबायचे. त्या दिवशी म्हणाले, "राहू दे गं. तुझी एकच तर सुट्टी, त्यात हा ताप. बंदच करू आता हे." आवाज अगदी नेहमीचा होता... म्हणूनच मी लगेच खरेदीचं पान उघडलं.

सल्ले भरपूर मिळाले होते. ऑफिसात एक म्हणाला ग्राफिक्स कार्ड घे, दुसरी म्हणाली रॅम वाढव, तिसऱ्याने तर प्रोसेसरच बदलायला लावला. शेवटी मी ग्राफिक्स कार्डावर आले होते. ऑर्डरचं बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात घरमालक शंकरकाका पाण्याची टाकी बघायला वर आले. माझा चेहरा बघून थांबले. म्हटलं, काका, कॉम्प्युटर दम टाकतोय. आधी बरा चालतो, तापला की रखडतो.

"व्हय? मंग नवं कशाला आनताय, ताई? आमचा ट्रॅक्टर बी मळणीच्या दिसांत आसंच करतोय. भुशानं जाळी चोंदती. उगडून बगितलं का?"

नव्हतं बघितलं. इंजिनिअर ना मी! वर शहाणपणा असा, की कॉम्प्युटर गार राहावा म्हणून तो मुद्दाम खिडकीत ठेवलेला... आणि खिडकीखाली काकांचं खळं. महिनाभर आजूबाजूच्या सगळ्यांचं भात तिथेच मळलं जात होतं. उन्हात तरंगणारी ती सोनेरी धूळ मी चहा घेत तासन् तास बघत बसायचे. फोटोही टाकले होते इथे, तुम्ही लाइकसुद्धा केलेत!

कॅबिनेट उघडलं, तर आत पंख्यांवर भुशाची गोधडी.

काकांनी ते अंगणात खाटेवर ठेवायला लावलं आणि ट्रॅक्टरची जाळी साफ करायचा हवेचा पाइप आणला. हवेने पंखे गरागरा फिरू नयेत म्हणून मी ते पेन्सिलीने अडवून धरले, काका लांबूनच हवा मारत होते. "हळू... हळू..." असं स्वतःलाच सांगत होते. भुसा उडाला, उन्हात चमकला आणि सावकाश खळ्यावर जाऊन बसला. मी खाली कशासाठी आले होते, तेच क्षणभर विसरले.

चार वाजता बाबांना फोन केला. एकदाच बघू, म्हटलं.

अर्धा तास झाला, एक धक्का नाही. तास झाला... गेममध्ये संध्याकाळ होत होती, रस्त्याच्या कडेने तळं चाललं होतं.  बोलता बोलता बाबांचा ट्रक हळू झाला, इंडिकेटर लागला. 

"बाबा, माझी गाडी अडकली नाहीये हो. थांबलात का?"

"थांबलो नाही. तू हो पुढं. महिनाभर आरशात तुलाच बघत चालवलं, रस्ता बघितलाच नाही बघ. आता मी येतो तुझ्या मागं, निवांत."

मी पुढे गेले. आरशात त्यांचे दिवे माझ्या मागे येत राहिले...

कार्ड घेतलं नाही. शंकरकाका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही... माझे बाबा अजून गाडी चालवतायत.