ट्रक निघण्याआधीची ग्रामसभा

संविधान दिनाला उद्देशिकेचं सामूहिक वाचन करावं, असं परिपत्रक दरवर्षी येतं. सोबत फोटो जोडायचा असतो. मी धडगावकडच्या एका पाड्याचा ग्रामसेवक असताना ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द तीन म्हातारे, अंगणवाडीताई आणि मी, एवढ्यांनी मिळून म्हटले होते. बाकीचे लोक दिवाळी होताच ऊसतोडीला गुजरातेत गेलेले.

वनजमिनीच्या ठरावाला मात्र गावातली निम्मी माणसं हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. मी सोपा मार्ग काढला होता. लोक परतले की घरोघर फिरून जुन्या तारखेवर अंगठे घ्यायचे. लोकशाही चहाबरोबर उरकायची.

यात एका विधवेचा दावा दोनदा परत आला. सभेच्या तारखेला गुजरातेत ऊस तोडणारे माझ्या रजिस्टरात हजर होते, हे तालुक्याला कुणाच्या तरी लक्षात आलं. ठराव नाही तर पट्टा नाही, आणि ती कसत असलेलं शेत सरकारदरबारी जंगलच.

तिसऱ्या वर्षी ती कार्यालयात आली. “भाऊसाहेब, ट्रक पुढच्या बुधवारी निघतो. सगळे तिथंच असतील. सभा तिथंच घ्या.”

“नोटीस सात दिवस आधी लागते, बाई.”

“तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून आज मंगळवारी आले.”

बुधवारी सकाळी गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. मी सोबत खुर्ची नेली होती. त्या खुर्चीकडे कुणी पाहिलंही नाही. मी हात वर करायला सांगितलं.

“हात कशाला? तोंडं आहेत ना,” पाड्याचा म्हातारा कारभारी म्हणाला. तिथली रीतच तशी. एकेका घराला विचारायचं; गप्प बसलेलं घर म्हणजे नकार.

मजूर न्यायला आलेला मैदानी गावातला मुकादम वैतागला. “भाऊसाहेब, मन्हा ट्रक उभा शे! तुमनं काय चाली ऱ्हायनं?”

त्या विधवेच्या शेजाऱ्याचं घर अडून बसलं. ओढ्याची वाट तिच्या शेतातून जाते, ती मोकळी हवी.

“तुझे बैल वाटेनं जातात कुठं? माझी ज्वारी चरत जातात!” ती म्हणाली. सगळे हसले, शेजारीही. शेवटी तिनं वाट सोडली आणि त्यानं होकार दिला.

मी ठराव वाचला, अंगणवाडीताईनं तो पाड्याच्या पावरी बोलीत सांगितला. विधवेनं मध्येच थांबवलं. “वाट कुठंय?”

वाट मी मुद्दाम गाळली होती. “नाही लिहिली तर तुमचीच जागा जास्त दिसेल,” मी हळूच म्हटलं.

“मग यांनी होय कशाला म्हटलं?” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

मी वाट लिहिली. ताईनं पुन्हा सांगितली. तेव्हा कुठं त्या विधवेनं अंगठ्याला शाई लावली, मग शेजाऱ्यानं, मग बाकीच्यांनी. आणि हॉर्न वाजत असताना ती ट्रकमध्ये चढली.

तो दावा परत आला नाही.