कानाचा फोटो

कंपाउंडर कॅमेरा हापशाखाली धुवायचे. आधी पाय, मग चपला, मग त्याच धारेखाली कॅमेरा. सदऱ्याच्या टोकाला पुसला की परत खिशात. हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ होता आणि कॅमेऱ्याला हात लावण्याआधी मी साबणाने हात धूत असे. त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॅमेरा त्यांच्या हातून घेऊन माझ्या रुमालाने पुसला. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा या माणसाला फोटोग्राफर म्हणायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

तसे ते कंपाउंडरही नव्हते. जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुणं आणि पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. त्यातून निवृत्त झाले, तरी कनेरगाव नाक्याच्या आसपास सगळे त्यांना कंपाउंडरच म्हणत. नव्वदच्या सुमारास कुणीतरी त्यांना पाण्यातही चालणारा, रोलचा एक प्लॅस्टिकचा कॅमेरा दिला होता. त्यातून ते फक्त जनावरांचे फोटो काढायचे, आणि त्यातही मुख्यतः मेंढ्यांचे कान. मेंढ्या पाळणाऱ्या प्रत्येक घराची कानाची खूण वेगळी असते. कुणी टोकाला चीर देतं, कुणी खालून तिरपं कातरतं. दिवाळीनंतर कळप लांब चरायला निघाले की वाटेत जनावर चोरीला जातं आणि चोर कान आणखी कापून खूण मिटवून टाकतो. म्हणून कळप निघण्याआधी चांगल्या नरांचे दोन्ही कान जवळून टिपून ठेवायचे, ही कंपाउंडरांची युक्ती. त्या फोटोंवरून दोन-तीन जनावरं घरी परतही आली होती. मी मात्र त्याला फोटोग्राफी म्हणत नसे, झेरॉक्स म्हणत असे.

माणसांच्या तोंडाचं त्यांना भारी वावडं. मेंढीच्या शेजारी मालक हौसेने केस विंचरून उभा राहिला की ते ओरडायचे, "तुहं थोबाड घरी आरशात पाह्य. मले कान दाव." एकदा त्यांच्या पुतण्याच्या लग्नात फोटोवाला उशिरा आला, तोवर घरच्यांनी यांनाच उभं केलं. तो रोल धुवायला माझ्याकडेच आला. नवरदेवाचा डावा कान, उजवा कान, मुंडावळ्या अर्ध्या, आणि नवरी जवळजवळ नाहीच. मी ते फोटो आख्ख्या गल्लीला दाखवून हसलो. कंपाउंडर शांतपणे म्हणाले, "हासू नको. हरवला तं सापडंल."

माझ्या स्टुडिओचा तर त्यांना तिटकाराच होता. मागे धबधब्याचा पडदा होता, त्याच्यापुढे उभे राहून ते विचारायचे, "हे पानी कोन्या गावचं?" पडदा आहे काका, म्हटलं की "म्हंजे लबाडी," असं म्हणून खाली बसायचे. फोटोपुरता अंगात घालायला मी एक कोट ठेवला होता, त्याला ते मयताचा कोट म्हणत. मी कॉम्प्युटरवर एका मुलीचा स्थळासाठीचा फोटो उजळवत बसलो होतो, तर मागून म्हणाले, "काहून गोरं करून राहिला बे तिले? उद्या सासरचे म्हनतील, हे दुसरीच पाठवली." मीही ऐकून घेणारा नव्हतो. तुम्हाला सौंदर्य कळत नाही, तुमची नजर जनावराची, असं मी त्यांच्या तोंडावर बोललो आहे. पण खोटं कशाला सांगू, बाजाराच्या दिवशी ते आले नाहीत तर मला करमत नसे. दुकानात येणारे बाकीचे सगळे माझी स्तुती करायचे आणि त्यातल्या एकालाही फोटोतलं काही कळत नव्हतं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास रोल मिळेनासे झाले. कंपाउंडर माझ्याकडे सल्ल्याला आले, म्हणजे माझा अपमान करायला आले. मी नांदेडहून दोन डिजिटल कॅमेरे दाखवायला आणले होते. एक चपटा, खिशात मावणारा, पाण्यात बुडवला किंवा हातून पडला तरी चालेल असा. दुसरा लेन्स बदलता येणारा. त्या जातीतला सगळ्यात साधा, पण माझ्या दृष्टीने खरा कॅमेरा.

"याची लेन्स काढता येते काका," मी म्हणालो.

"काहून काढायची?"

"जसं काम तशी लेन्स लावायची."

"काढल्यावर आत धूळ गेली तं?"

"धुळीत काढायची नाही."

"म्हंजे घरात बसून मेंढरं पाहायची," ते म्हणाले. मग त्यांनी चपट्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हे पडलं तं फुटत न्हाई म्हनतो?"

"कंपनी तसं म्हणते."

त्यांनी एका बोटाने तो काउंटरवरून सरळ खाली ढकलला. फरशीवर आपटला, मी किंचाळलो. त्यांनी उचलून बटण दाबलं, माझ्या उघड्या तोंडाचा फोटो निघाला. मग मोठ्या कॅमेऱ्याकडे बोट नेत त्यांनी विचारलं, "आता हे पाडू?" मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. "बराबर," ते म्हणाले, "ज्याले सांभाळावं लागते ते मले नको. मले मेंढरंच सांभाळून झाले." आणि लहान कॅमेरा खिशात घालून गेले. त्या तिरिमिरीत दुसरा मी स्वतःसाठी ठेवून घेतला. वर आणखी एक वेगळी लेन्स मागवली. तिने काढलं की चेहरा लख्ख यायचा आणि मागचं सगळं धुक्यात जायचं. खेळण्यातला कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्याची मला आता कीवच यायला लागली.

पुढच्या वर्षी कळप निघायच्या ऐन वेळी कंपाउंडरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तर एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला. म्हणाले, "गोदीचा नर यंदा पयल्यांदा भाईर चालला. त्याचे दोन कान काढून आन. माहा कॅमेरा घेऊन जाय." गोदी म्हणजे गोदाबाई, कनेरगाव नाक्याजवळचीच, मेंढ्या पाळणाऱ्या घरातली. या नराची आई वितानाच मेली होती. गोदाबाईने त्याला बाटलीने शेळीचं दूध पाजून वाढवलं, नाव ठेवलं सरदार. कळपात दुसरा नर नव्हता. पुढच्या सालची कोकरं, म्हणजे त्या घराचं पुढचं सगळंच, त्याच्यावर होतं. कंपाउंडरांचा कॅमेरा मी पिशवीत टाकला आणि बाहेर काढला नाही.

सरदार खरोखर देखणा होता. सकाळचं कोवळं ऊन, मागे पिवळं पडलेलं गवत. गोदाबाईने सवयीने त्याचा कान पुढे ओढून धरला आणि विचारलं, "असा धरू का जी?"

"सोडा, सोडा. हात फोटोत येतो," मी म्हणालो.

मी चाळीस फोटो काढले. असा फोटो मी त्याआधी कधी काढला नव्हता. त्या जनावराच्या डोळ्यात गोदाबाईसकट सगळं शिवार दिसत होतं. मी मोठी प्रत करून तिला नेऊन दिली. "माणसावानी पाहून राहिला जी," म्हणत तिने पदर डोळ्याला लावला. एक प्रत स्टुडिओत लावली. गावातल्या जाणकारांनी, म्हणजे मोबाइलवर फोटो काढणाऱ्या दोन मास्तरांनी, वाहवा केली. कंपाउंडरांना अजून नीट दिसत नव्हतं. त्यांनी तेवढं विचारलं, "कान आले का?"

"सगळं आलंय काका," मी म्हणालो. मी तपासलं नव्हतं. तपासावंसं वाटलंही नव्हतं.

दोन महिन्यांनी कळपातून सरदार चोरीला गेला आणि चार दिवसांनी पलीकडच्या एका गावच्या बाजारात सापडला. कळपाबरोबर गेलेल्या गोदाबाईच्या दिराचा निरोप आला तशी मी रात्री कार्ड लावून चाळीसही फोटो पुन्हा पाहिले. सकाळी मी, गोदाबाई आणि कंपाउंडर जीपने निघालो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो.

नर ज्याच्या हातात होता तो माणूस मोठ्याने, आत्मविश्वासाने बोलत होता. जनावर आपल्या घरचं आहे, कानाची खूण आपलीच आहे. कान वरून ताजा कापलेला होता, जुनी चीर त्यात गेली होती. पण उरलेल्या भागावर एका ओळीत तीन बारीक काळे ठिपके होते. आपल्या सरदारला ते होतेच, असं गोदाबाई शपथेवर सांगत होती. तिने हाक मारली तर नर दोरी ताणून तिच्याकडे आला. तो माणूस हसला. "हात पुढं केला तं कोनतंबी मेंढरू येते," म्हणाला. बाजारातल्या चार जाणत्यांनी आणि पोलीस जमादाराने विचारलं, काही पुरावा आहे का?

गोदाबाईने खणात गुंडाळलेला माझा फोटो काढला. तो काढताना ती निर्धास्त होती, हे मला अजून विसरता येत नाही. जमादाराने फोटो पाहिला, उन्हाकडे धरला, पुन्हा पाहिला. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. कानाच्या जागी मात्र एक तपकिरी डाग होता. चीर नाही, ठिपके नाहीत. "कान कुठं हाये याच्यात?" जमादार म्हणाला. "दुसरा फोटो?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीसपैकी एकातही कान नीट आला नव्हता. मी नकाराची मान हलवली.

कंपाउंडरांनी फोटो हातात घेतला. पट्टी निघालेल्या डोळ्याजवळ नेला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी चारचौघांत मला जोड्याने मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो. तीच माझी लायकी होती. त्यांनी फार वेळ पाहिलं आणि म्हणाले, "फोटो लई चांगला हाये." इतक्या वर्षांत माझ्या कामाला त्यांनी चांगलं म्हटलेलं ते पहिल्यांदाच. फोटो त्यांनी गोदाबाईला परत दिला. त्या माणसाने दोरी ओढली. सरदार चार पावलं गेला, थांबला, मागे वळून पाहू लागला, आणि मग दोघांनी त्याला ढकलत नेलं. गोदाबाईने फोटो खणात गुंडाळला आणि जीपमध्ये जाऊन बसली.

त्यानंतर कंपाउंडरांनी मला कधीच शिवी दिली नाही. बाजाराच्या दिवशी स्टुडिओत यायचे, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचे. पडद्यावरच्या पाण्याचं गाव विचारत नसत. मी कुणाला गोरं केलं तरी बोलत नसत. तीन वर्षांनी ते वारले तेव्हा सगळ्यांनी मला येऊन सांगितलं की तुमचे कंपाउंडर गेले. मी मान डोलावली. माझे कंपाउंडर त्या बाजारातच गेले होते.

मधल्या एका दिवाळीत मी धीर केला होता. त्यांना तेव्हा दुसऱ्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं, तरी कळपांकडे पायी जात होते. मी म्हणालो, "काका, यंदा कान काढायला मी येतो. तुमचाच कॅमेरा द्या मला, माझा नको."

त्यांनी खिशातून कॅमेरा काढला. काही क्षण हातात धरला, सदऱ्याला पुसला आणि परत खिशात ठेवला.

"न्हाई साहेब," ते म्हणाले, "तुमाले काहून तकलीफ."